कोरलईचें भूशिर

मुंबईकरांस समुद्राची वाण नाहीं. तरी वर्षांतून एकदां मुंबईचा समुद्र सोडून दुसऱ्या कोणत्या तरी समुद्राची हवा खाऊन यावें असें त्यांस वाटतें, आणि ही हौस पुरविण्यास अलीबागची बाजू सर्वांत सोयीची. अपोलो बंदरावरून किंवा भाऊच्या धक्क्यावरून बोटींत बसलें कीं सुमारें तासाभरांत मांडव्यास उतरतां येतें. पुढें अलीबाग, नागांव, चौल, रेवदंडा असा नारळी-पोफळींच्या सांवलींतून रस्ता जातो. बहुतेक मंडळी रेवदंड्यास थांबतात. कांहीं थोडी कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडून साळावास येतात व समुद्रकांठानें मुरूडकडे वळतात. त्या वाटेवर उजव्या हातास एक डोंगर समुद्रांत सरळ घुसलेला दिसतो. एका बाजूस दर्या, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि मागें जमिनीशीं जोडणारी एक सखल चिंचोळी पट्टी. हेंच कोरलईचें भूशिर.

आम्ही तेथें गेलों ते खरें पाहतां हवा खावयासच. इतिहासाचें ओझें बरोबर घेऊन जाण्याचा आमचा बेत नव्हता. परंतु संध्याकाळीं परत येतांना एक प्रश्न आमच्याबरोबर आला, आणि तो अजून आम्हांस सोडीत नाहीं. गड कोणाचा म्हणावयाचा? जो बांधितो त्याचा, जो जिंकितो त्याचा, कीं सारे निघून गेल्यावर जो पायथ्याशीं राहतो त्याचा? प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. तो वाचकांपुढें मांडावा एवढ्यासाठींच हा लेख आहे.

मार्गशीर्षांतली सकाळ होती. गांवांतून समुद्राच्या अंगानें जाणारा रस्ता दीपगृहाशीं संपतो. हें दीपगृह १९५५ सालचें. डोंगराच्या पश्चिम उतारावर तें उभें आहे, आणि त्याच्या मागून गडाची पाऊलवाट वर चढते. चढण उभी पण थोडी. माथा शंभर यार्डांहून कमीच उंच आहे; अर्ध्या तासांत माणूस तटाच्या दरवाज्यांत उभा राहतो. आमच्यापैकीं एका स्थूलदेही मित्रास मात्र याहून दुप्पट वेळ लागला, आणि त्यांनीं बसावयास निवडलेल्या प्रत्येक दगडाचें ऐतिहासिक महत्त्व त्यांनीं आम्हांस पटवून दिलें.

वर पोहोंचल्यावर प्रथम मनांत भरतें तें डोंगराचें अरुंदपण. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरांत गडाची लांबी सुमारें २८०० फूट व सरासरी रुंदी सुमारें ९० फूट दिली आहे. म्हणजे गड कसला, समुद्रांत सोडलेली एक दगडी तलवारच. आडव्या भिंतींनीं तिचे तुकडे पाडलेले आहेत. शत्रूनें एक दरवाजा फोडिला तरी त्यास दुसरा, दुसरा फोडिला तरी तिसरा, अशी योजना. बुरुजांस ख्रिस्ती संतांचीं नांवें होतीं. आज मध्यभागीं पाण्याचें टांकें आहे, जवळच छप्पर उडालेलें प्रार्थनामंदिर आहे, आणि गवतांत जागोजाग तोफा पडलेल्या आहेत. उत्तरेकडे डोंगर उतरत उतरत पाण्यास जाऊन भिडतो. तेथें अगदीं लाटांच्या माऱ्यांत तोफांचा एक मोर्चा बांधलेला आहे.

या मोर्च्यावर उभें राहिलें म्हणजे सगळा इतिहास न वाचतां समजतो. समोर खाडीपलीकडे रेवदंड्याचा तट माडांत बुडालेला दिसतो, आणि माडांवर डोकें काढून एक जुना मनोरा उभा आहे. त्यास लोक सातखणी म्हणतात. त्यामागें चौलच्या वाड्या. मध्यें कुंडलिकेचें मुख. या मुखांत शिरणाऱ्या गलबतास कोरलईच्या डोंगराखालून जावें लागतें. तेव्हां ज्याच्या तोफा या टोंकावर, त्याच्या हातीं चौलच्या दाराची कडी. घर कितीही मोठें असो, कडी दुसऱ्याच्या हातीं असेल तर घरधन्यास झोंप यावयाची नाहीं. या डोंगरासाठीं पुढें जें रक्त सांडलें त्याचें कारण एवढेंच.

आज चौल हें एक शांत, झाडींत लपलेलें गांव आहे. तेथें एके काळीं मोठें शहर होतें हें सांगितल्यावांचून कळत नाहीं. परंतु मुंबई ही कोळ्यांच्या वस्तीचीं बेटें होती तेव्हां पश्चिम किनाऱ्यावर चौलचें नांव दूरदेशीं गाजत होतें. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतल्या ग्रीक लेखकांनीं सेमुल्ला किंवा सिमुल्ला म्हणून ज्या बंदराचा उल्लेख केला आहे तें चौलच असें विद्वान् मानतात. दहाव्या शतकाच्या आरंभीं अरब प्रवासी अल् मसूदी येथें आला; तो या शहरास सैमूर म्हणतो, आणि येथें सुमारें दहा हजार मुसलमान राहत असल्याचें लिहितो. १४६९ च्या सुमारास आफानासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन उतरला तो याच बंदरांत. वास्को द गामास अद्याप कालिकतची वाट सांपडावयाची होती.

फिरंगी या बाजूस आले ते १५०५ सालीं. त्यांचा पहिला विजय प्रसिद्ध आहे, पण पहिला मोठा पराभव चौलच्याच पाण्यांत झाला हें फारसें कोणाच्या लक्षांत नसतें. १५०८ च्या मार्च महिन्यांत मिसरच्या सुलतानाच्या आरमारानें येथें त्यांस गांठलें. दीवचा मलिक अयाज त्यास येऊन मिळाला. आणि या लढाईंत व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेंसो मारला गेला. बापानें पुढल्या वर्षीं दीवच्या समुद्रांत सूड उगविला. तेव्हांपासून या किनाऱ्याचें पाणी फिरंग्यांचें झालें; जमीन मात्र अहमदनगरच्या निजामशहाची राहिली. पाण्याच्या धन्यास जमिनीवर पाय टेकण्यापुरती जागा हवी होती, आणि जमिनीच्या धन्यास पाण्यावरून येणारे घोडे हवे होते. या परस्परांच्या गरजेंतून १५१६ सालीं फिरंग्यांची वखार झाली, आणि १५२१ सालीं बुऱ्हाण निजामशहानें त्यांस रेवदंड्यास किल्ला बांधण्याची परवानगी दिली.

गरजेवर उभारलेला स्नेह संशयावांचून राहत नाहीं. रेवदंड्याचा किल्ला सपाटीवर. त्याच्या डोक्यावर खाडीपलीकडे हा कोरलईचा डोंगर. १५५८ च्या सुमारास फिरंगी गव्हर्नर फ्रान्सिस्को बार्रेतो यानें डोंगर आम्हांस द्या, असें मागणें केलें. निजामशहा सावध होता. त्यानें वकिलास अडकवून ठेविलें आणि स्वतःच डोंगरावर बांधकामास हात घातला. प्रकरण हातघाईवर आलें. शेवटीं दोघांनींही तेथें किल्ला बांधूं नये असा समेट झाला. दोन शेजाऱ्यांनीं मधल्या आंब्यास कोणीच हात लावूं नये असें ठरवावें, तसा हा समेट होता. आंबा पिकेपर्यंतच तो टिकावयाचा. १५७०-७१ सालीं मुर्तजा निजामशहानें रेवदंड्यास मोठा वेढा घातला. त्याच वेळीं आदिलशहा गोव्यास वेढा घालून बसला होता. दोन्ही वेढे फसले. फिरंगी मूठभर होते, पण समुद्र त्यांचा होता, आणि ज्याचा समुद्र उघडा त्याचा वेढा पुरा होत नाहीं.

हा धडा दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानें नीट ओळखला. रेवदंडा घेतां येत नसेल तर त्याचा समुद्र बंद करावा, असें ठरवून १५९२ च्या सुमारास त्यानें समेट बाजूस ठेवून कोरलईवर बळकट किल्ला बांधावयास काढिला. योजना अचूक होती. डोंगरावरून तोफा सुरू झाल्या आणि खाडींत शिरणारें प्रत्येक फिरंगी तारूं माऱ्याखालीं आलें. दोन वर्षें हा जाच चालला. १५९४ च्या सप्टेंबर महिन्यांत फिरंग्यांनीं सारें बळ एकवटलें. सुमारें पंधराशें फिरंगी आणि जवळ जवळ तितकेच एतद्देशीय शिपाई खाडी ओलांडून डोंगरावर चालून गेले. निजामशाही फौज पायथ्याच्या छावणींतून मागें हटूं लागली, आणि ती दरवाज्यांतून आंत शिरत असतां एक हत्ती जखमी होऊन दरवाज्यांतच आडवा झाला, असें सांगतात. दार लावतां येईना. पळणारे व पाठलाग करणारे एकाच लोंढ्यांत आंत शिरले, आणि एकामागून एक दरवाजे पडत गेले. किल्ल्याचा सरदार फत्तेखान हातीं लागला. दोन वर्षें राबून बांधलेला किल्ला एका दिवसांत गेला.

दरवाज्यांत अडकलेल्या त्या हत्तीची गोष्ट ऐकून आमचे मित्र हळहळले. परंतु आमचें लक्ष दुसरीकडे गेलें होतें. या लढाईंत निजामशाहीचीं माणसें मेलीं तीं किती? फिरंगी बखरकार आणि फेरिस्ता दोघेही हा आंकडा दहा-बारा हजारांच्या घरांत नेतात. परस्परांच्या विरुद्ध बाजूंचे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हां ती खरी मानावी असा सामान्य नियम आहे. परंतु हे दोघे खरोखर विरुद्ध बाजूंचे होते काय? फिरंग्यास आपल्या जयाचा डंका वाजवावयाचा होता, हें उघड आहे. फेरिस्त्याची गोष्ट निराळी. तो अहमदनगरास वाढला खरा, पण १५८९ सालीं तें शहर सोडून विजापुरास गेला व आदिलशहाच्या आश्रयानें त्यानें आपला ग्रंथ लिहिला. निजामशहाची नाचक्की सांगतांना त्याची लेखणी अडखळण्याचें कांहीं कारण नव्हतें. म्हणजे एकास स्वतःचा जय मोठा करावयाचा होता, तर दुसऱ्यास शेजाऱ्याचा पराजय लहान करण्याची गरज नव्हती.

आतां जागेचीच साक्ष काढूं. लांबी २८०० फूट, रुंदी ९० फूट. गुणाकार अडीच लाख चौरस फूट. त्यांत दहा हजार माणसें उभीं केलीं तर माणशीं पंचवीस चौरस फूट जागा येते. म्हणजे एका माणसानें अंथरूण घालावें तेवढीच. त्यांत तट, बुरूज, टांकें, दारूगोळा, धान्य आणि जनावरें यांस जागा कोठली? पायथ्याशीं छावणी व बाजार होता हें खरें, आणि पुष्कळशी कत्तल तेथें झाली असेल. तरी पुस्तकांतला आंकडा डोंगरावर उभें राहून वाचला म्हणजे शंका येते. शंभर माणसें मेलीं काय आणि दहा हजार मेलीं काय, मेलेल्यांस फरक नाहीं; परंतु इतिहास लिहिणारास फरक पडला पाहिजे. आम्हांस वाटतें कीं इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकानें एकदां तरी पुस्तक घेऊन त्या जागेवर जावें. दगड खोटें बोलत नाहींत असें नव्हे, पण त्यांस कोणाची मर्जी राखावयाची नसते.

या पराभवानंतर बुऱ्हाण फार दिवस जगला नाहीं. १५९५ च्या वसंतांत तो वारला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मोगलांची फौज अहमदनगरच्या तटाखालीं आली. चांदबिबीच्या शौर्याची कथा आपण सारे जाणतों. तिच्या हातीं जें राज्य आलें त्याची किनाऱ्यावरची बाजू कोरलईवर आधींच ढांसळली होती, एवढें येथें सांगितलें म्हणजे पुरे.

जय मिळाल्यावर फिरंग्यांपुढें निराळीच अडचण उभी राहिली. एवढा किल्ला राखावयाचा कोणी? त्यांचें राष्ट्र लहान, आणि राज्याच्या चौक्या आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून मलाक्क्यापर्यंत पसरलेल्या. शेवटीं बरेंचसें बांधकाम पाडून माथ्यावरचा कोट आणि पाण्यालगतचा मोर्चा एवढेंच राखावें असें त्यांनीं ठरविलें. बाकीची बांधणी पुढें सवडीनें झाली. माणसांची ही वाण फिरंगी राज्याचा जन्मरोग होता. तिच्यावर त्यांनीं योजिलेला उपायही सर्वत्र एकच: इथलींच माणसें ख्रिस्ती करून घ्यावीं, इथल्याच बायकांशीं शिपायांचीं लग्नें लावावीं, आणि त्यांच्या संततीनें किल्ला राखावा. कोरलईवर याप्रमाणें एक लहानसा समाज वाढला. बाप फिरंगी शिपाई, आई या किनाऱ्यावरची, उपाध्याय गोव्याकडून आलेला. या घरांत कोणती भाषा बोलली जात असेल? बापाची पुरी नव्हे आणि आईचीही पुरी नव्हे. दोघांस एकमेकांचें समजेल एवढ्या बेतानें जी बोली घडली, तिचीच पोरांना मातृभाषा झाली.

पुढें राजे बदलत गेले. १६३६ सालीं निजामशाही संपली. १६८३ सालीं संभाजीमहाराजांनीं रेवदंड्यास वेढा घातला, कोरलईवरही हल्ला झाला. पण दोन्ही ठाणीं टिकलीं. दरम्यान उत्तरेस, सुमारें तीस मैलांवर, एक नवें शहर मूळ धरीत होतें. १६६१ च्या तहानें मुंबई इंग्रजांच्या राजास आंदण मिळाली, १६६८ सालीं ती कंपनीकडे आली, आणि चौलचे विणकर व व्यापारी हळूहळू तिकडे जाऊं लागले. कोरलईच्या तोफा ज्या शहराचें दार राखीत होत्या, तें शहर मागल्या दारानें रितें होत होतें. पहारा करणारास ही गोष्ट सर्वांत शेवटीं कळते.

१७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि फिरंग्यांच्या उत्तरेकडील राज्याचा कणा मोडला. कोरलईवर सुभानराव माणकर यांस पाठविण्यांत आलें. वेढा बसला, तथापि वसईसारखा रणसंग्राम येथें झाला नाहीं. १७४० सालीं इंग्रजांच्या मध्यस्थीनें तह होऊन चौल व कोरलई हीं दोन्ही ठाणीं मराठ्यांस मिळालीं. सव्वादोनशें वर्षांचा मुक्काम आटोपून फिरंगी गलबतांत बसले व गोव्यास गेले. पुढें १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर गड इंग्रजांकडे आला. त्यास त्याचें कांहींच काम नव्हतें, कारण राखावयास चौल उरलें नव्हतें.

पुस्तकांत कोरलईची हकीकत येथें संपते. आमची मात्र डोंगर उतरल्यावर सुरू झाली.

गांव डोंगराच्या पायथ्याशीं, खाडीच्या व समुद्राच्या मध्यें वसलेलें आहे. एका बाजूस कोळीवाडा. दुसऱ्या बाजूस ख्रिस्ती वस्ती आणि तिचें देऊळ. दुपारीं पाणी मागण्यासाठीं आम्ही एका ओटीवर टेकलों. एक म्हातारी बाई सुपांत सुकी मासळी निवडीत बसल्या होत्या. “कुठून आलात, बाबांनो?” त्यांनीं विचारलें. आम्ही म्हणालों, “मुंबईहून, आजी.” त्यांचें मराठी या किनाऱ्यावरच्या कोणत्याही आजीचें असावें तसें, स्वच्छ आणि सैल. पाणी आणण्यासाठीं त्यांनीं नातीस हांक मारिली, आणि त्या वेळीं जे शब्द त्यांच्या तोंडून आले ते आम्हांस कळले नाहींत. कान मात्र टंवकारले. ती कोंकणी नव्हती, आणि इंग्रजी तर नव्हतीच.

“आजी, हें कोणतें बोलणें?”

“हें आमचें. नो लिंग म्हणतों आम्ही. आमची भाषा.”

तेव्हां हत्ती, तोफा, फत्तेखान सारे आमच्या डोळ्यांपुढून नाहींसे झाले. गडावर तीन तास भटकून आम्हांस जें सांपडलें नव्हतें तें या ओटीवर बसलें होतें. राजा गेला, तोफा गंजल्या, प्रार्थनामंदिराचें छप्पर उडालें, आणि बाजारांतल्या फिरंगी शिपायाची बोली, त्याचें राज्य बुडाल्यास पावणेतीनशें वर्षें लोटल्यावर, एका आजीच्या तोंडीं जिवंत होती. ती बोलणारे लोक हजाराच्या आंतबाहेर असतील. सारे या एका गांवचे किंवा येथून गेलेले. वसई, साष्टी, मुंबई या बाजूसही एके काळीं अशीच बोली होती. गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रुदोल्फो दालगादो यांनीं १९०६ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें ती तेथें मावळली. कोरलईची बोली टिकली, कारण गांव एका कोंपऱ्यांत राहिलें आणि गांवानें तिला सोडिलें नाहीं. क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें १९९६ सालीं तिच्यावर एक आखें पुस्तक लिहिलें. त्यांतला एक सिद्धान्त मराठी वाचकास विशेष कौतुकाचा वाटेल. पोर्तुगीज वाक्यांत क्रियापद कर्माच्या आधीं येतें. कोरलईच्या बोलींत तें मराठीप्रमाणें शेवटीं जाऊन बसलें आहे. म्हणजे शब्द फिरंगी, पण त्यांची रांग मऱ्हाटी. बाप अंगणांत दिसतो, पण घर आईच्या वळणावर चाललें आहे.

हा व्यवहार एकतर्फी झाला नाहीं हेंही ध्यानांत धरलें पाहिजे. आपण रोज पगार घेतों, चावी फिरवितों, पाव आणि बटाटे खातों, घमेलें उचलतों, फीत मोजतों, लिलांवांत बोली करतों. बंदुकींत काडतूस भरतों, आणि हापूस आंब्याचा अभिमान बाळगतों. हे सारे शब्द फिरंग्यांनीं ठेवून दिलेले. किल्ला परत घेतां आला. शब्द परत करावे असें कोणाच्या मनांतही आलें नाहीं, आणि तें बरेंच झालें.

मग आम्हांस वाटलें कीं १७४० सालच्या ज्या जयाचा आम्ही मराठे अभिमान धरितों, त्याची खरी साक्ष गडावर नसून पायथ्याशीं आहे. वसईच्या फिरंग्यांस दिलेल्या शर्तींत ख्रिस्ती रयतेस धर्माचरणाची मोकळीक होती. असल्या शर्ती कागदावर पुष्कळ लिहिल्या जातात. त्या पाळल्या गेल्या कीं नाहीं हें पाहण्यास कागद पुरत नाहीं. कोरलईंत मात्र पुरावा समोर उभा आहे. १७४० पासून १८१८ पर्यंत अठ्याहत्तर वर्षें हें गांव मराठी राज्यांत होतें. एवढ्या काळांत हजारभर माणसांच्या पाड्याचें धर्मांतर करविणें किंवा त्यास देशोधडीस लावणें अवघड नव्हतें. तसें झालें नाहीं. देऊळ राहिलें, माणसें राहिलीं, त्यांची बोली राहिली. वसईच्या तटावरचें शौर्य थोर खरें. पण जिंकल्यावर जें करतां येत असून केलें नाहीं, त्याचीही राज्याच्या जमेस नोंद झाली पाहिजे.

हा विचार मनांत घोळवीत आम्ही स्वतःवर खूष होऊन बसलों होतों. तेवढ्यांत नात पाण्याचा तांब्या घेऊन आली. आजींनीं तिला आपल्या बोलींत कांहीं विचारलें. मुलीनें उत्तर दिलें तें मराठींत. पुन्हा आजी आपल्या बोलींत बोलल्या, पुन्हा मुलगी मराठींत. आमच्या तोंडावरचा प्रश्न ओळखून आजी हंसल्या. “समजतें तिला सगळें. पण शाळा मराठी, बाजार मराठी, देवळांतली प्रार्थनासुद्धां मराठी. मग मुलें काय करतील? आणि मोठीं झालीं कीं जातात तुमच्या मुंबईस.”

या बोलण्यांत गाऱ्हाणें नव्हतें, आणि म्हणूनच तें आम्हांस लागलें. मुंबईंत आमच्या भाषेची गळचेपी होते म्हणून सभा भरवितों, लेख लिहितों. तीं गाऱ्हाणीं खोटीं आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण तीस मैलांवर एका ओटीवर आमचीच भाषा, कोणावर हात न उगारतां, कोणाचें वाईट न चिंतितां, नुसत्या आपल्या मोठेपणानें दुसरीची जागा घेत होती. जें चिमाजी आप्पांच्या फौजेनें केलें नाहीं, आणि जें करावें असें आजही कोणाच्या मनांत नाहीं, तें शाळेची घंटा आणि बाजाराचा दिवस करीत आहेत. मुलीनें मराठी शिकूं नये असें कोण म्हणेल? तिचें पोट, तिचें शिक्षण, तिचें भविष्य त्यांत आहे. परंतु मोठ्या भाषेच्या धन्यावर एक कर्ज असतें. शेजारच्या लहान भाषेचें नांव त्यास ठाऊक असलें पाहिजे. तिला ‘मोडकी फिरंगी’ म्हणून हंसूं नये. गांवच्या शाळेंत एखादी गोष्ट, एखादें गाणें त्या बोलींत होऊं द्यावें. आणि आजी आहेत तोंवर त्यांचे शब्द टिपून ठेवावे. परदेशचा विद्वान् ज्यासाठीं समुद्र ओलांडून येतो, त्यासाठीं आम्हांस कुंडलिकेचा पूल ओलांडणें कठीण नसावें.

आरंभीं जो प्रश्न घातला त्याचें उत्तर आम्हांस पुरतें सांपडलें आहे असें नाहीं. निजामशहानें गड बांधिला आणि दोन वर्षांत गमाविला. फिरंग्यांनीं तो घेतला, पण राखावयास माणसें पुरलीं नाहींत. मराठ्यांस तो मिळाला तेव्हां त्याचें शहर संपत आलें होतें. इंग्रजास त्याची गरजच नव्हती. या चौघांतला कोणीही आज तेथें नाहीं. आहेत ते आजी आणि त्यांची नात. गडावर चढण्याचें त्यांस कारण पडत नाहीं, आणि गड आपला आहे असें त्या म्हणतही नाहींत.

निघतांना आम्ही आजींस विचारलें, “आम्हांस एक शब्द शिकवा.” त्यांनीं आपल्या बोलींत निरोपाचा एक शब्द सांगितला. आम्ही तो म्हटला, आणि नात खदखदून हंसली. आमचा उच्चार अगदींच चुकला होता. मग तिनें स्वतः तो नीट करून दोनदां म्हणून दाखविला. सकाळपासून त्या बोलींतला तिच्या तोंडचा आम्हीं ऐकलेला तो पहिलाच शब्द होता. आजी मासळी निवडावयाच्या थांबल्या आणि तिच्याकडे पाहत राहिल्या. मांडव्याची शेवटची बोट गांठावयाची होती म्हणून आम्ही उठलों. पण खाडीचा पूल येईपर्यंत आमच्यापैकीं प्रत्येक जण तो शब्द मनांत घोळवीत होता, विसरूं नये म्हणून.